लेण्यातली ठेव आणि मावशीचा लिफाफा

माझी मावशी न्यू जर्सीत २६ वर्षं नोकरी करून २०२१ मध्ये नाशिकला परत आली. गंगापूर रोडला तिने फ्लॅट घेतला. सामानाबरोबर कागदांच्या दोन पेट्या आल्या, त्या तिने सरळ माझ्या ताब्यात दिल्या. कारण मी लोकांची आयकर रिटर्न भरून देतो आणि घरात कुणालाही सरकारी पत्र आलं की ते माझ्याकडेच येतं.

पुढे दर मार्चमध्ये तिचा मुलगा तिकडून एक लिफाफा पाठवू लागला. आत एक छापील फॉर्म, वर नाव 'शेड्यूल के-१'. मावशीने निवृत्तीच्या खात्यातून तेल आणि वायूच्या पाइपलाइनी चालवणाऱ्या एका भागीदारीची युनिट्स घेतली होती. हा फॉर्म त्या भागीदारीचा.

"अरे, याचं काय करायचं?" तिने विचारलं.

"तुझं खातं निवृत्तीचं आहे ना? म्हणजे करमुक्त. फाइलला लावून ठेव."

तीन वर्षं मी हेच उत्तर दिलं. तिसऱ्या वर्षी, २०२४ च्या पावसाळ्यात, तिचं भारतातलं रिटर्न भरताना तो फॉर्म पहिल्यांदा नीट वाचला. विसाव्या रकान्यात 'व्ही' या अक्षरापुढे २,६०० डॉलर असा आकडा होता. त्या अक्षराचा अर्थ शोधला आणि माझं उत्तर चुकलेलं होतं हे कळलं. खातं करमुक्त होतं, पण त्यातली ही एक मिळकत नव्हती.

चूक माझीच होती, आणि ती सोपी होती. 'करमुक्त' हा शब्द ऐकला आणि मी पुढचे प्रश्न विचारणंच थांबवलं. हे प्रश्न किती जुने आहेत हे मात्र नंतर समजलं. त्यातला सगळ्यात जुना कागद, खरं तर दगड, आमच्याच गावात आहे.

पेच काय आहे

आधी हा पेच समजून घेऊ. अमेरिकेत भागीदारी स्वतः आयकर भरत नाही. वर्षाअखेरीस ती आपल्या नफ्यातोट्याचे वाटे करते आणि प्रत्येक भागीदाराला कळवते की यंदा तुझ्या वाट्याला एवढा नफा आला, एवढा तोटा, एवढा घसारा. हे कळवणारा कागद म्हणजे के-१. पैसे प्रत्यक्ष हातात आले की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. वाटा नावावर लागला की कर भागीदाराने भरायचा.

आता दुसरी बाजू. १९७४ च्या एका कायद्याने अमेरिकेत 'आयआरए' नावाचं वैयक्तिक निवृत्ती खातं सुरू झालं. त्यात साठणाऱ्या व्याजावर, लाभांशावर, शेअर विकून झालेल्या नफ्यावर दरवर्षी कर लागत नाही. साध्या प्रकारच्या खात्यात म्हातारपणी पैसे काढाल तेव्हा कर.

दोन्ही एकत्र ठेवून बघा. भागीदारी म्हणते, कर माझा भागीदार भरेल. भागीदार कोण, तर निवृत्ती खातं. ते म्हणतं, मला कर नाही. मग पाइपलाइनच्या धंद्यातल्या या नफ्यावर कर कुणी भरायचा? शेजारीच एखादी साधी कंपनी तशीच पाइपलाइन चालवते आणि नफ्यावर कर भरते. तिने काय पाप केलं?

म्हणजे एखाद्या चांगल्या कामासाठी बाजूला ठेवलेला पैसा धंद्यात गेला, तर तो त्या कामाचा पैसा मानायचा की धंद्याचा? हा प्रश्न वाचताना मला शाळेच्या सहलीपासून पाहिलेला एक शिलालेख आठवला. त्यातही एका कामासाठी राखलेला पैसा होता, तो एका धंद्यात ठेवला होता, आणि त्याचा हिशेब भिंतीवर कोरून ठेवलेला होता.

दहाव्या लेण्यातला हिशेब

मुंबईकडे जाताना शहराच्या वेशीवर डोंगरात दिसतात ती पांडवलेणी. पांडवांशी त्यांचा संबंध नाही. ही बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत आणि डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओवरीत ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेले लेख आहेत. त्यातला एक लेख उषवदाताचा. हा शक क्षत्रप नहपानाचा जावई. लेखातलं ४२ हे वर्ष शक संवताचं धरलं तर तो इ.स. १२० च्या सुमाराचा ठरतो.

उषवदाताने हे लेणं संघाला दिलं. पण नुसतं लेणं देऊन भिक्षूंचं भागत नाही. त्यांना पावसाळ्यात तिथे राहायचं तर अंगावर वस्त्र लागतं. म्हणून त्याने ३,००० कार्षापणांची कायम ठेव दिली. लेखात तिला अक्षय नीवी म्हटलं आहे. नीवी म्हणजे मुद्दल, आणि अक्षय म्हणजे जे कधी कमी व्हायचं नाही असं.

ही ठेव त्याने संघाच्या हातात दिली नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या कारागिरांची संघटना. एकीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा १ दराने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त वाढ खायची. लेखातला शब्द 'वढि' असा आहे. आपल्याकडे शेतकऱ्याला धान्य उसनं देण्याच्या पद्धतीला वाढीदिढी म्हणतात, तीच ही वाढ.

आता मोबाइलवर हिशेब करा. २,००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याला २०. वर्षाला २४०. लेखात पुढे म्हटलं आहे की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी द्यायचे. २० गुणिले १२, बरोबर २४०. एकही नाणं उरत नाही की कमी पडत नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९० होतात. ते वस्त्राखेरीजच्या दुसऱ्या खर्चासाठी.

याच लेखात आणखी एका दानाची नोंद आहे. देव आणि ब्राह्मणांसाठी ७०,००० कार्षापण. पुढे लगेच विनिमयाचा दर दिला आहे: ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणजे २,००० सुवर्ण. हाही भागाकार करून बघा, बरोबर येतो.

मला या लेखातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, उषवदाताने संघाला विणकरांचा भागीदार केलं नाही. कापडाला भाव आला म्हणून भिक्षूंना जास्त मिळणार नाही आणि धंदा बसला म्हणून कमीही मिळणार नाही. दर ठरलेला. धंद्याची जोखीम विणकरांची, वाढ संघाची. संघ ठेवीदार आहे, धंद्याचा मालक नाही. पैसा धंद्यात आहे आणि तरी संघ धंद्याबाहेर आहे.

दुसरी, हा व्यवहार जाहीरपणे नोंदवला गेला. लेख सांगतो की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं गेलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं गेलं. म्हणजे नोंदणी दप्तरात आधी झाली, दगडावरची प्रत त्यानंतरची. राजाच्या जावयाने दिलेलं धर्मादाय दान असूनही नोंदीतून सुटका नव्हती. पैसा कुठून येणार, कोणत्या दराने येणार, कुणाला किती जाणार, सगळं लिहिलं गेलं.

मावशीच्या फ्लॅटवरून गंगापूर रोडने सरळ पुढे गेलं की गोदावरीकाठी गोवर्धन नावाचं गाव लागतं. नाव अजून तेच आहे.

माफी मिळालेलं शेत

नहपानाचं राज्य टिकलं नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केला. त्याचा पुरावा १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीला सापडला. एका साठ्यात नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी निघाली आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. चांदी तीच, मालक बदललेला.

जमिनीचंही तसंच झालं. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आज्ञा कोरलेली आहे, त्याच्या कारकिर्दीच्या १८ व्या वर्षाची. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला तो कळवतो की पश्चिम काखडी गावातलं, आजवर उषवदाताच्या भोगवट्यात असलेलं २०० निवर्तनांचं शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिलं आहे. आणि त्या शेताला परिहार दिले आहेत. परिहार म्हणजे माफी, सूट.

ही सूट नुसती 'करमुक्त' असा एक शब्द लिहून दिलेली नाही. ती मोजून दिली आहे. राजाच्या माणसांनी शेतात शिरायचं नाही. कुणी हात लावायचा नाही. मिठासाठी खणायचं नाही. जिल्ह्याच्या अंमलदाराने दखल द्यायची नाही. आणि बाकीच्या सगळ्या प्रकारच्या सवलती. प्रत्येक सूट वेगळी, प्रत्येकीला वेगळं नाव. यावरून एक गोष्ट कळते. त्या काळच्या दप्तरातही कुठल्या वस्तूला, कुणापासून आणि कशाची सूट, असं बारकाईने लिहावं लागत होतं.

सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, त्याखाली दुसरी आज्ञा आली. या वेळी राजा आणि राजमाता दोघांच्या नावाने, श्यामक नावाच्या अमात्याला. आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्तीही नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीतल्या राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तनं द्यावीत. म्हणजे सूट पूर्ण होती, पण शेत पडीक होतं. ज्या शेतात काही पिकत नाही त्याच्या करमाफीचा भिक्षूंना काय उपयोग? दप्तराला सूट देऊन थांबता आलं नाही. त्या सुटीतून प्रत्यक्ष काय निघतंय, हे सहा वर्षांनी पुन्हा पाहावं लागलं.

तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९ व्या वर्षी त्रिरश्मीवर आणखी एक ठेव आली. ती विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने दिली, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. १,००० कार्षापण कुलरिकांच्या श्रेणीकडे, म्हणजे बहुधा कुंभारांकडे. २,००० ओदयंत्रिकांकडे, म्हणजे पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे. पुढे तेल्यांच्या श्रेणीचंही नाव येतं. आज आपण सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका म्हणतो, ते या बाईने दगडावर लिहून ठेवलं आहे. तिनेही श्रेणीत भाग घेतला नाही, ठेव ठेवली.

मॅकरोनीचा कारखाना

पुढचा टप्पा गाठायला सतराशे वर्षं ओलांडून न्यू जर्सीला जावं लागतं. योगायोगाने तेच मावशीचं राज्य.

अमेरिकेच्या आयकर कायद्यात धर्मादाय संस्था, चर्च आणि विद्यापीठं यांना सुरुवातीपासून सूट आहे. पण त्यांनी धंदा केला तर? १९२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे फिलिपिन्समधल्या एका ख्रिस्ती धर्मसंघाचं प्रकरण आलं. संघाची मालमत्ता होती, गुंतवणूक होती, शिवाय तो आपल्या माणसांना वाइन आणि चॉकलेट विकत असे. न्यायालयाने संघाच्या बाजूने निकाल दिला. पुढची पंचवीसेक वर्षं याच धर्तीवर निकाल लागत गेले. पैसा कुठून आला हे बघायचं नाही, कुठे जातो ते बघायचं. धर्मकार्याला जातोय ना? मग सूट.

मग १९४७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयाच्या हितचिंतकांनी न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीची सी. एफ. म्युलर ही कंपनी विकत घेतली. ती मॅकरोनी आणि नूडल्स बनवायची. नफा सगळा महाविद्यालयाला जाणार, म्हणजे जुन्या निकालांप्रमाणे कर नाही. बाकीच्या मॅकरोनीवाल्यांनी ओरड केली. आम्ही कर भरून माल विकायचा आणि यांनी न भरता? अशीच चालू राहिली तर देशातल्या सगळ्या शेवया विद्यापीठंच करतील, अशी थट्टा संसदेतही झाली.

जानेवारी १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काँग्रेसला पाठवलेल्या करविषयक संदेशात ही पळवाट बंद करायला सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कायदा झाला. करमुक्त संस्थेने आपल्या मूळ कामाशी संबंध नसलेला धंदा नियमितपणे केला, तर त्या धंद्याच्या मिळकतीवर कर. संस्थेची सूट कायम, पण त्या धंद्याला सूट नाही. आता पैसा कुठे जातो एवढं पुरेसं नव्हतं, कुठून येतो हेही पाहायचं ठरलं. विद्यापीठाने पुढे १९७६ मध्ये ती कंपनी ११.५ कोटी डॉलरला विकली.

या कायद्यातलं अपवादांचं कलम वाचताना मी थांबलो. व्याजाला हा नवा कर लागत नाही. लाभांशाला नाही. जागेच्या भाड्याला बहुतेक वेळा नाही. कारण हे घेणारा धंदा करत नाही, धंदा दुसऱ्याचा असतो. पण भागीदारीतल्या वाट्याला लागतो, कारण भागीदार म्हणजे धंद्याचा मालक. भागीदारीने पाइपलाइन चालवली म्हणजे कायद्याच्या नजरेत प्रत्येक भागीदाराने चालवली.

म्हणजे उषवदाताने विणकरांशी केलेला व्यवहार १९५० च्या अमेरिकन कायद्यापुढे नेला असता तर संघाला एक डॉलरही कर लागला नसता. ठेव, ठरलेला दर, वाढ. पण त्याने तेच ३,००० कार्षापण विणकरांच्या धंद्यात भागीदार म्हणून घातले असते, तर संघाच्या नावाने के-१ आला असता. मावशीने नेमकं हेच केलं होतं.

१९७४ मध्ये वैयक्तिक निवृत्ती खाती आली तेव्हा हा मॅकरोनीचा नियम त्यांनाही लावला गेला. म्हणून विद्यापीठासाठी केलेलं कलम माझ्या मावशीच्या खात्यापर्यंत पोचलं.

आपल्याकडे हा प्रश्न का येत नाही

मी इतकी वर्षं रिटर्नं भरतो, मग हे मला माहीत का नव्हतं? कारण भारतात हा पेच उभाच राहत नाही. आपण दोन्ही बाजूंनी दार लावून घेतलं आहे.

आपल्या भागीदारीचा कायदा १९३२ चा. १९९२ च्या वित्त कायद्याआधी नोंदणीकृत भागीदारी थोडा कर स्वतः भरायची आणि नफ्याच्या वाट्यावर भागीदार पुन्हा भरायचे. १९९३-९४ या करनिर्धारण वर्षापासून हे बदललं. आता भागीदारी स्वतः ३० टक्क्यांनी कर भरते आणि भागीदाराच्या हातात पडणारा नफ्याचा वाटा करमुक्त असतो. कर दारातच वसूल होतो, त्यामुळे आत बसलेला भागीदार कोण, याने फरक पडत नाही.

भागीदाराने भांडवल घातलं तर त्यावर फर्म त्याला व्याज देऊ शकते. फर्मला ते खर्च म्हणून दाखवायचं तर कायद्यात कमाल दर आहे, वर्षाला सरळव्याजाने १२ टक्के. नाशिकच्या बाजारपेठेतल्या कितीतरी भागीदारीपत्रांत मी हा आकडा टाइप केला आहे. शेकडा १ दरमहा म्हणजे वर्षाला १२ टक्केच. गोवर्धनच्या विणकरांचा दर आणि माझ्या ऑफिसातल्या भागीदारीपत्राचा दर एकच आहे, हे मला लेण्यात उभं राहून लक्षात आलं.

दुसरं दार निवृत्तीच्या पैशाचं. आपलं पीपीएफ १९६८ चं. त्यातला पैसा सरकारकडे जातो आणि सरकार जाहीर केलेल्या दराने व्याज देतं. ईपीएफचा पैसा कुठे गुंतवायचा हे सरकार ठरवून देतं. यातून कुणाला पाइपलाइनचं भागीदार होता येत नाही. धर्मादाय ट्रस्टनाही १९८३ पासून गुंतवणुकीचे ठरावीक मार्ग आहेत, आणि ट्रस्टने धंदा केला तर तो मूळ कामाला पूरक असावा लागतो, त्याच्या वह्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. अमेरिकेने मोकळीक दिली आणि पुढे कर लावला. आपण मोकळीकच दिली नाही.

म्हणून 'करमुक्त खातं' म्हटलं की नाशिकमधल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पीपीएफचं पासबुक येतं. आत व्याजच असणार, दुसरं काय असणार? मी मावशीच्या खात्याकडे याच नजरेने बघत होतो.

लिफाफ्याचं पुढे काय झालं

तिन्ही के-१ मी टेबलावर मांडले. पहिल्या वर्षी आकडा ९० डॉलर. दुसऱ्या वर्षी १४०. नियम असा आहे की एका खात्यातल्या सगळ्या भागीदाऱ्या मिळून अशी एकूण मिळकत १,००० डॉलरला पोचली तरच वेगळं रिटर्न भरायचं. त्यामुळे ती दोन वर्षं सुटली. तिसऱ्या वर्षी मावशीने ती युनिट्स विकली होती. विकताना आधीच्या वर्षांत मिळालेल्या घसाऱ्याचा काही भाग धंद्याची मिळकत म्हणून परत मोजला जातो. म्हणून आकडा एकदम २,६०० झाला.

अशा वेळी ९९०-टी नावाचं रिटर्न लागतं. ते मावशीच्या नावाने नाही, खात्याच्या नावाने. खात्याला स्वतःचा वेगळा कर क्रमांक घ्यावा लागतो, खातं सांभाळणाऱ्या कंपनीमार्फत रिटर्न जातं आणि कर खात्यातल्या पैशातूनच भरला जातो. मावशीच्या स्वतःच्या रिटर्नमध्ये या के-१ चा आकडा येत नाही. २,६०० मधून १,००० ची वजावट, उरलेल्या १,६०० वर १० टक्के म्हणजे १६० डॉलर. मुदत १५ एप्रिलला संपली होती, म्हणून वर दंड आणि व्याज.

रक्कम फार नव्हती. पण मावशी दोन रात्री झोपली नाही. "मी तिकडे २६ वर्षांत एकदाही उशीर केला नाही रे," एवढंच ती म्हणाली. माझ्यावर चिडली असती तर बरं वाटलं असतं.

मग भारताकडची बाजू पाहिली. परदेशातून परतलेल्यांसाठी २०२१ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८९अ घातलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा इथे राहत असताना उघडलेल्या निवृत्ती खात्यांना ते लागू आहे. १०-ईई हा फॉर्म मुदतीत भरला तर खात्यात दरवर्षी साठणाऱ्या मिळकतीवर इथे लगेच कर लागत नाही. पैसे काढल्यावर तिकडे कर लागतो, त्या वर्षी इथेही तो मोजला जातो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे भरताना चालू क्रमांक पाहून घ्या.

आणि खात्यात कर लागो न लागो, परतल्यानंतरची सवलतीची पहिली वर्षं संपली की ते खातं रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावंच लागतं. न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कर शून्य असला तरी नोंद लागते.

आई-वडील, काका-मावशी अमेरिकेतून परतले असतील तर त्यांच्या खात्यात नुसते शेअर आणि फंड आहेत की एखादी भागीदारीही आहे, एवढं तुम्ही मोबाइलवर खातं उघडून पाहू शकता. मार्चमध्ये के-१ येत असेल तर भागीदारी आहे. मग विसावा रकाना, अक्षर व्ही. माझ्यासारखं 'फाइलला लावून ठेव' म्हणू नका.

रिटर्न गेल्यावर डिसेंबरमध्ये मावशी म्हणाली, मला ते लेणं दाखव. गुडघे दुखतात म्हणून पायऱ्यांवर चार ठिकाणी बसलो. दहाव्या लेण्याच्या ओवरीत मी तिला लेख दाखवला आणि आकडे वाचून सांगितले. तिने पर्समधून फोन काढला, कॅल्क्युलेटर उघडला. दोन हजार, शेकडा एक, बारा महिने, भागिले वीस.

"बारा. जुळतंय रे." मग पुढे म्हणाली, "आता माझं सांग. या वर्षीचा लिफाफा येईल का?"

युनिट्स विकलेली होती, म्हणून येणार नव्हता. तरीही मार्चमध्ये तिच्या मुलाला विचारायचं, असं मी माझ्या फोनमध्ये लिहून ठेवलं.